द्वेष वाढला म्हणजे धर्म वाढला काय?

बाजारात बैल घेताना आमचा शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो, मग पैशाला हात घालतो. कुंभार भाजलेले मडके टिचकी मारून ऐकतो. सुतार लाकूड हाती घेऊन आधी त्यातली गाठ व चीर शोधतो. जो तो आपल्या कामाच्या वस्तूची पारख स्वतः करितो, दुसऱ्यावर सोपवीत नाही. धर्माची पारख मात्र आम्ही पिढ्यान् पिढ्या परक्याच्या हाती देऊन बसलो. कपाळी टिळा आहे, गळ्यात माळ किंवा क्रूस आहे, डोक्यावर टोपी आहे, एवढे पाहिले की माणूस धर्मनिष्ठ ठरला! अलीकडे तर ह्याहूनही सोपी आणि फार घातकी अशी एक पारख निघाली आहे. जो दुसऱ्याच्या धर्माचा अधिक द्वेष करील तो आपल्या धर्माचा अधिक पक्का, असे लोक उघड बोलू लागले आहेत. ही पारख खोटी आहे, एवढे सांगण्यासाठी आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

आम्ही पंडित नव्हे. खेड्यातील शाळामास्तर आहो. सकाळी हजेरी, दुपारी खिचडी वाटणे, संध्याकाळी कोणाचा तरी अर्ज लिहून देणे, हे आमचे काम. तेव्हा शास्त्रार्थात न शिरता शाळेच्या ओट्यावर जे पाहिले तेच आधी सांगतो.

धुळ्याच्या पश्चिमेस डोंगर लागतात. तेथल्या एका पाड्यावर दोन सख्खे भाऊ राहतात. जातीने भिल्ल. बाप गेला, शेत वाटले गेले, आणि मधला बांध व म्हातारी आई एवढीच दोघांत सामाईक राहिली. धाकटा काही वर्षांपूर्वी येशूच्या प्रार्थनेस जाऊ लागला. त्याची दारू सुटली, घरात दाणे टिकू लागले, बायकोच्या पाठीवरचा मार थांबला. हे थोरलाही कबूल करितो. येथवर सर्व चांगलेच झाले. परंतु पुढे धाकट्याच्या कानात कोणी भरविले की, तुझ्या भावाच्या घरी सैतान राहतो. त्याच्या घरचे अन्न घेऊ नको, होळीस उभा राहू नको, डोंगरदेवाचे नाव पोरांच्या कानी पडू देऊ नको. गेल्या होळीस त्याने आपल्या मुलाला घरात कोंडून ठेविले. इकडे थोरल्याच्या बाजूनेही माणसे जमली. काही पाड्यावरची, काही मोटारसायकलीवर बसून बाहेरून आलेली. बैठक बसली आणि ठरले की, धाकट्याच्या निंदणीस कोणी जाऊ नये, हापशावर त्याच्या बायकोने हंडा लावू नये, आणि त्याच्या घरात कोणी मेले तर गावच्या जागेत पुरू देऊ नये.

ह्या दोघांची मुले आमच्या शाळेत एकाच वर्गात आहेत. मागल्या वर्षापर्यंत ती एका थाळीत खात असत. होळीनंतर एके दुपारी पाहतो तो एक भिंतीच्या ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला. आम्ही विचारिले, "काय रे, भांडलात काय?" धाकट्याचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, त्यांच्या घरात सैतान आहे." थोरल्याचा म्हणाला, "गुरुजी, तो बाटलेला आहे." दोघेही आठ वर्षांचे. आणि दोघांच्याही तोंडावर, आपण काही मोठे धर्मकार्य करीत आहो, असाच भाव होता!

संध्याकाळी आम्ही त्यांच्या आजीस जाऊन भेटलो. म्हातारी एक दिवस ह्या ओट्यावर जेवते, एक दिवस त्या ओट्यावर. ती म्हणाली, "गुरुजी, दोन्ही मनाच पोरं शेतस. मी कोनले सोडू?" ह्या प्रश्नाचे उत्तर ना प्रार्थना घेणाऱ्यांजवळ होते, ना बैठक बसविणाऱ्यांजवळ. वाचकहो, त्या म्हातारीस उत्तर देणे हाच ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम धाकट्याच्या धर्मपुस्तकाकडे वळू. त्याने जे पुस्तक हाती घेतले त्यातच त्याचा न्याय लिहिलेला आहे. नव्या करारात योहानाचे पहिले पत्र म्हणून एक लहानसे पत्र आहे. त्यातला मुद्दा कोणाही अडाण्यास कळेल असा आहे. देव कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. भाऊ मात्र रोज समोर दिसतो. मग ज्याला दिसणाऱ्या भावाचा तिटकारा आहे तो, न दिसणाऱ्या देवावर आपली फार प्रीती आहे, असे सांगू लागला तर त्याचे खरे कोण मानणार? पत्र लिहिणाऱ्याने अशा माणसास अज्ञानी म्हटले नाही, दुबळा म्हटले नाही. सरळ लबाड ठरविले आहे. म्हणजे द्वेष हा श्रद्धेवर पडलेला एखादा डाग आहे, धुतला की निघेल, असे ते पत्र मानीत नाही. जेथे द्वेष आहे तेथे श्रद्धाच नाही, असा त्याचा रोकडा हिशेब आहे.

येशूची एक गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. एका शास्त्र्याने त्यास विचारिले की, शेजाऱ्यावर प्रीती करावी हे खरे, पण माझा शेजारी कोण? येशूने व्याख्या सांगितली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर चोरांनी एका माणसास लुटले आणि अर्धमेला करून टाकिले. एक याजक आला, पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिरात सेवा करणारा एक लेवी आला, तोही तसाच गेला. मग एक शोमरोनी आला. यहूदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत. त्यांच्याशी संबंध ठेवीत नसत. परंतु त्यानेच जखमा बांधिल्या, पडलेल्याला आपल्या जनावरावर घातले, धर्मशाळेत नेले, आणि पदरचे पैसे देऊन त्याची सोय लाविली.

ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातली एक बाब फारसे कोणी सांगत नाही. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात मोठे भांडण होते ते देवाची पूजा कोठे करावी ह्याचेच. यहूदी म्हणत, यरुशलेमेच्या मंदिरात. शोमरोनी म्हणत, आमच्या गरिजीम डोंगरावर. म्हणजे तो शोमरोनी डोंगरावर देव पूजणारा होता! गोष्ट सांगताना येशूने त्याचा डोंगर सोडविला नाही, आधी माझ्या मंदिरात ये मग तुला चांगला म्हणतो, असेही म्हटले नाही. उलट मंदिरातल्या दोघांस मागे ठेवून त्यालाच पुढे बसविले, आणि विचारणाऱ्या शास्त्र्यास सांगितले की, जा, तूही तसेच कर. आमच्या पाड्यावरच्या धाकट्यास ही बाब कोणी समजावून दिली असती, तर डोंगरदेवास नारळ फोडणाऱ्या सख्ख्या भावाच्या घरी सैतान शोधीत तो बसला नसता.

हे केवळ पुस्तकातले आहे, असे कोणी म्हणेल. तर ह्याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत, उजवे तसे डावेही. गोव्यात 1579 साली फादर स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री आला. त्याने तेथल्या लोकांची भाषा शिकून मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिले. ते 1616 साली छापले गेले. परक्या देशीच्या माणसाने आपल्या देवाची कथा सांगावयास आमची ओवी घ्यावी, ह्यात आमच्याविषयी आदर आहे. परंतु त्याच गोव्यात, त्याच क्रुसाच्या नावाने, 1560 साली इन्क्विझिशन म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायासन बसले होते. मधला थोडा काळ सोडता ते 1812 पर्यंत चालले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी घरात जुनी एखादी रीत पाळिली तरी त्यांस धरून नेण्यात येई. 1684 साली तर लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम निघाला. धर्म एक, धर्मपुस्तक एक, मुलूखही एक. एकाने लोकांची भाषा उचलून डोक्यावर घेतली, दुसऱ्यांनी ती तोंडातून ओढून काढण्याची खटपट केली. दोघांपैकी येशूचा माणूस कोण, हे सांगावयास पोप लागत नाही. आमचा शेतकरीही सांगेल.

दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. रमाबाई जन्माने ब्राह्मण, संस्कृत जाणणाऱ्या, आणि 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या. पुण्यात केवढा गहजब उडाला! त्या वेळी आमच्या जोतीरावांनी 1885 सालच्या 'सत्सार' मध्ये त्यांची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती नव्हते आणि पुढेही झाले नाहीत. परंतु एका शिकलेल्या बाईने आपल्या बुद्धीने धर्म पारखला ह्याबद्दल तिला शिव्या देणाऱ्यांत त्यांनी आपला आवाज मिळविला नाही. ती ब्राह्मण घराण्यातील आहे, मग आपणास काय, असेही म्हटले नाही.

रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढिले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथे मुलींस ख्रिस्ती करितात असा ओरडा झाला, 1893 साली सल्लागार मंडळी सोडून गेली, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईबाप व बहीण पूर्वीच्या दुष्काळात अन्नावाचून गेली होती. उपास म्हणजे काय हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. त्या मध्यप्रांतात गेल्या, भुकेने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली गोळा केल्या, आणि केडगावास मुक्तिसदनात आणून सांभाळल्या. ह्या मुली सर्व जातींच्या होत्या. त्यांत ज्यांना आश्रमाच्या दारात कोणी उभे केले नसते अशाही होत्या. पुढे तेथे आंधळ्या बायकांचीही सोय झाली, आणि रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ह्यांनी त्यांस ब्रेल लिपी शिकविली.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही भोळे आहात. ही प्रीती नव्हे, हे गळाला लावलेले आमिष. भाकरी दाखवून माणूस बाटविण्याचा धंदा! ह्या आक्षेपास टाळून जाणे योग्य होणार नाही. मुक्तिसदनात पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या, हे खरेच आहे. ज्याच्या हाती भाकरी आहे त्याच्या धर्माकडे उपाशी माणूस ओढला जातो, हेही खरे आहे. म्हणून आम्ही एक साधी कसोटी सांगतो. प्रीती खरी की सौदा, हे समोरच्याने 'नाही' म्हटल्यावर कळते. बाप्तिस्मा घेणार नाही असे सांगताच औषधाची बाटली मागे गेली, तर तो सौदा. नाही म्हटल्यावरही नाडी पाहणारा हात तसाच राहिला, तर ती प्रीती. चिंचपाड्यास मिशनने 1942 साली दवाखाना काढिला. हा भाग 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात गेला. अशा प्रत्येक दवाखान्यास, शाळेस, वसतिगृहास ही कसोटी लावावी. आणि त्याच वेळी आक्षेप घेणाऱ्यांसही एक प्रश्न विचारावा. त्या मुली रस्त्याच्या कडेला मरत होत्या तेव्हा धर्माचे रखवालदार कोणत्या वाटेने गेले? गोष्टीतल्या याजकाच्याच ना? ज्याने स्वतः पाण्याचा तांब्या दिला नाही त्यास दुसऱ्याच्या तांब्यावर क्रूस आहे की कलश आहे हे तपासण्याचा अधिकार कोणी दिला?

आता आमच्या वाचकांच्या मनातला खरा प्रश्न. तो आम्हांस बाजारात, एस. टी. त, लग्नाच्या मांडवात नेहमी विचारला जातो. ज्यांनी आम्हांस हजारो वर्षे पायाखाली तुडविले, ज्यांनी व्याजात शेत गिळले, त्यांच्यावरही प्रीतीच करावी काय? प्रीती म्हणजे मुकाट्याने मार खाणे काय?

नव्हे, मुळीच नव्हे. राग आणि द्वेष ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. राग अन्यायावर असतो. अन्याय सरला की तो शमतो. द्वेष माणसावर असतो. अन्याय सरला तरी तो शमत नाही, कारण त्यास समोरचा सुधारावयास नको असतो, तो नाहीसा व्हावयास हवा असतो. येशूने मंदिरात बाजार मांडणाऱ्या सराफांची चौरंगे उलथून टाकिली. तो राग होता. परंतु क्रुसावर खिळणाऱ्यांसाठी त्याने क्षमा मागितली. तेथे द्वेष नव्हता.

जोतीरावांचे उदाहरण तर आमच्या घरचेच आहे. भटशाहीवर त्यांच्याइतका कडक आसूड कोणी ओढला? परंतु फसलेल्या विधवांच्या पोटची मुले मारली जातात हे पाहून 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले, ते मुख्यतः कोणासाठी? ब्राह्मण विधवांसाठी! जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवस्तीतील एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणिला, आणि त्याच साथीत 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला. पाहा वाचकहो, ब्राह्मण विधवेचा मुलगा डॉक्टर, माळ्याची मुलगी त्याची आई, आणि महाराचे लेकरू तिच्या पाठीवर. सत्यशोधकांच्या निष्ठेचा पुरावा मागणाऱ्यास आम्ही हा दाखवू. ब्राह्मणास दिलेल्या शिव्यांची यादी दाखविणार नाही.

हे लिहिताना आम्हांस स्वतःचा एक कबुलीजबाब देणे प्राप्त आहे. तरुणपणी आम्हीही द्वेषालाच निष्ठा समजत होतो. नोकरीच्या सुरुवातीस आमच्या शाळेत एक ब्राह्मण सोबती होते. त्यांनी आमचे काही वाईट केले नव्हते. परंतु आम्ही त्यांच्या घरचा चहा घेत नसू, आणि चारचौघांत त्यांना टोचून बोललो की आपण चळवळीचे मोठे काम केले असे आम्हांस वाटे. पुढे आम्ही टायफॉइडने धुळ्याच्या दवाखान्यात पडलो. परत येऊन पाहतो तो आमचा वर्ग दीड महिना ह्याच गृहस्थांनी आपल्या वर्गासोबत चालविला होता, आणि आमच्या मुलांच्या वह्या तपासून, सुतळीने बांधून कपाटात ठेविल्या होत्या. ते त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. जातिभेदावरचा आमचा राग तिने कमी झाला नाही. उलट अधिक स्वच्छ झाला, कारण त्यातली राख निघून गेली.

राग आणि द्वेष ह्यांतले अंतर आजच्या काळात एका बाईने सर्व देशास दाखविले आहे. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियाचे गृहस्थ ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात कुष्ठरोग्यांची सेवा करीत. 1999 च्या जानेवारीत, 22 तारखेच्या रात्री, मनोहरपूर गावी ते आपल्या दोन मुलांसह मोटारीत झोपले असता जमावाने मोटार पेटवून तिघांस जिवंत जाळिले. मुले दहा व सहा वर्षांची होती. जाळणाऱ्यांनी आपल्या धर्माचे रक्षण केले, असे समजूत करून घेतली! त्यांची पत्नी ग्लॅडिस ह्यांनी सांगितले की, मी मारणाऱ्यांस क्षमा केली आहे. परंतु क्षमा निराळी आणि गुन्ह्याची कायद्याने होणारी शिक्षा निराळी, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे न्याय सोडला नाही, केवळ द्वेष सोडला. आणि त्या देश सोडून पळाल्याही नाहीत. पुढे काही वर्षे त्याच कुष्ठरोग्यांत राहिल्या. 2005 साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. त्या रात्री दोन्ही बाजूंस धर्माचे नाव होते. एका धर्माने काडी ओढली, दुसऱ्याने जखमा बांधिल्या. हिंदू धर्म काडी ओढण्यास सांगतो असे आम्ही म्हणत नाही. आमच्या संतांचे वारकरी ते मान्य करणार नाहीत. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्याच्या हाती काडी आहे त्याने कोणत्याही धर्माचे नाव घेतले तरी तो त्या धर्माचा साक्षीदार होऊ शकत नाही.

दूर ओडिशात जावयास तरी कशाला पाहिजे? आमच्या धुळे शहरात 2013 च्या जानेवारीत, 6 तारखेस, खाणावळीच्या बिलावरून दोघांचे भांडण झाले. भांडण बिलाचे, परंतु पाहता पाहता त्यास धर्माचा रंग चढला, मोहल्ले एकमेकांवर धावून गेले, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. ते सर्व मुसलमान होते. त्या दिवसाने कोणाचा देव मोठा झाला? कोणाची निष्ठा उजळली? मेलेल्यांच्या आया रडल्या, हातावर पोट असलेल्यांची मजुरी बुडाली. जो नफा झाला तो द्वेषाचे दुकान चालविणाऱ्यांचा झाला. हे दुकानदार स्वतः कधी मरत नाहीत, हे आमच्या कष्टकरी बांधवांनी नीट ध्यानात ठेवावे. मरतो तो आपलाच पोरगा, कधी ह्या बाजूचा, कधी त्या बाजूचा.

तर मग त्या पाड्यावर काय करावे?

कायद्याची गोष्ट आधी सांगतो. आपल्या संविधानाने ज्यास जो धर्म पटेल तो पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे पाणी, स्मशान, गावचे व्यवहार बंद करून एखाद्यास वाळीत टाकणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बैठक बसविणाऱ्या मंडळींस आम्ही हे जाऊन वाचून दाखविले आहे. हापशावरचा हंडा त्यामुळे पुन्हा लागू लागला. परंतु कायदा हंडा लावू शकतो, मने लावू शकत नाही. निंदणीस अजून कोणी जात नाही, आणि धाकटाही भावाच्या ओट्यावर चढत नाही.

मने कशी लागतील, ह्याचा विचार जोतीरावांनी करून ठेविला आहे. 1888 साली त्यांस अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या पश्चात 1891 साली छापून निघाले. त्यात एका घराचे चित्र आहे. त्या घरातील बाईस बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म पटला तर तिने तो घ्यावा. नवऱ्यास बायबल वाचून ख्रिस्ती व्हावेसे वाटले तर त्याने व्हावे. मुलीस कुराण पटले तर तिने मुसलमान व्हावे. मुलास सत्यधर्म पटला तर त्याने तो पाळावा. आणि ह्या सर्वांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा किंवा द्वेष न करिता, आपण सारी एका निर्मिकाची लेकरे आहो असे समजून, एकाच घरात प्रेमाने नांदावे.

शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी असे घर उभे करणे आम्हांस साधलेले नाही. परंतु ज्या म्हातारीचा उल्लेख आम्ही वर केला ती अक्षरशून्य बाई हे घर रोज उभे करीत असते. एक दिवस ह्या ओट्यावर, एक दिवस त्या ओट्यावर जेवून. तिने ना जोतीराव वाचले, ना योहानाचे पत्र. तरी दोन्ही पुस्तकांतले मर्म तिला कळले आहे, आणि तिच्या दोन्ही मुलांस कळलेले नाही.

थोरल्यास आमचे सांगणे असे की, तुझा डोंगरदेव खरा असेल तर भावाच्या निंदणीस जा. देवाचे काही जाणार नाही. धाकट्यास सांगणे असे की, तुझा येशू खरा असेल तर भावाच्या ओट्यावर जाऊन पाणी पी. तुझा बाप्तिस्मा त्या पाण्याने पुसला जाणार नाही, उलट त्या दिवशी तो पुरा होईल. आणि दोघांच्या कानांस लागणाऱ्या बाहेरच्या मंडळींस सांगणे असे की, तुमचा धर्म किती वाढला हे मोजावयाचे असेल तर डोकी मोजू नका, घोषणांचा आवाज मोजू नका. पूर्वी ज्याच्याकडे पाहून तुमच्या कपाळास आठी पडत असे त्याच्या घरी आज दुखणे आले तर तुम्ही किती पावले चालून जाता, तेवढी पावले मोजा.

हल्ली दुपारच्या पंगतीत आम्ही त्या दोन मुलांच्या मध्ये आपली थाळी मांडून बसतो. पहिले काही दिवस दोघे खाली मान घालून जेवत. परवा थोरल्याच्या मुलाजवळची लोणच्याची फोड आमच्या थाळीवरून पलीकडे गेली. आम्ही पाहिले नाही असे दाखविले. ह्या पेरणीनंतर निंदणीचे दिवस येतील, तेव्हा त्या दोघांचे बाप काय करितात ते पाहावयाचे आहे. तोवर म्हातारीचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या गावी स्वतःस विचारावा.